लुनाचा सायलेन्सर

लुना कन्ना चौकात भंगारात दिली,
सायलेन्सर तेवढा काढून ठेवला.
आता तो व्हाइसमध्ये आडवा, तोंडाशी पंपाचा स्टोव्ह.
सोलापूरचा मे. शेजारचा मल्लय्या म्हणतो,
स्टोव्ह कशाला, पत्र्यावर ठेव की.

तव्यावर शिंपडावं तसं पाणी शिंपडतो.
थेंब चिकटून चुरचुरला, तर अजून वेळ आहे.
मणी होऊन पळाला, तर घ्या पट्टी :
नखाएवढी जाड,
पाठीला सुताच्या गाठीवरची लोखंडी पट्टी,
हातात फाटक्या चादरीचा तुकडा,
त्यावर अर्धा मोर.

पहिली मोडली.
दुसरी करपली.
तिसरीचा टक् आवाज पलीकडच्या गल्लीत गेला,
वीज गेलेली, माग बंद होते म्हणून.

सुगुणा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"बादलीत बुडवून लगदा केलास त्याचा.
पान असं बुडवून ठेवतात होय?
ओल्या गोणपाटात रात्रभर निजवायचं.
सकाळी ते आपलं आपण वळतं."

वीस वर्षं तिच्या विड्यांचे कट्टे मोजले मी.
बोटं बघितली नव्हती.

सकाळी चौथी पट्टी टेकवली. दाबली नाही.
थांबलो.
मग लाकडानं अंग सोडलं,
झोपेत कूस बदलावी तसं,
आणि जळक्या गुळाचा वास.

साच्याला आवळायला दोरीवरचे सगळे चिमटे काढले.
धुतलेले कपडे मल्लय्याच्या गच्चीवर.
सुगुणा ओरडतेय.
अजून पाच पट्ट्या आहेत.