छत्रीचा बार

कायदा आला तेव्हा केकीशा दुभाषांनी
बंदूक कँपातल्या चौकीवर जमा केली,
पावती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली,
आणि पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला
नेहमीसारखा जीपचा हॉर्न वाजवला
माझ्या घोरपडीतल्या खोलीखाली.

मागच्या सीटवर जायफळ.
पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, कानाला जुना चिरा.
तिला कायदा कुणी सांगितला नव्हता.

दिवे घाट चढून, जेजुरी, मोरगाव मागे टाकत
सुप्याचा माळ. भाद्रपदातलं गवत कमरेला,
पायमोज्यांत कुसळं, हिवराखाली गार माती.
पुढे लिंबाजी, जिभेनं लाव्याची साद काढणारा,
इतकी खरी, की कधी कधी लावा त्यालाच उत्तर देई.

आणि मग जायफळ थांबायची.
पळता पळता कुणी चित्र काढून ठेवल्यासारखी
पुढचा डावा पाय उचललेला, शेपूट सरळ,
नाकपुडी तेवढी हलणारी.
आम्हीही श्वास बेतानं घ्यायचो.
गवतात कुठेतरी मूठभर पाखरू
तसंच, तितकंच, थांबलेलं.

केकीशा एक पाऊल टाकत. भुर्रर्र…
पायातून फुटल्यासारखा लावा वर,
केकीशांची छत्री खांद्याला,
आणि तोंडानं, अगदी हळू, ठो.

जायफळ धावायची पडलेलं पाखरू आणायला.
नसायचं. हुंगत एक गोल, मग मोठा गोल,
बोरीच्या जाळीत, बांधापल्याड,
आणि परत येऊन त्यांच्याकडे बघायची
हिशेब न जुळलेल्या कारकुनासारखी.
"तू नाय चुकली, दीकरी. मी चुकला."
लिंबाजी तोंड फिरवून तंबाखू मळायचा.

पाच रविवार असे.
सहाव्याला ती गेली ती बराच वेळ आलीच नाही.
आली तेव्हा जबडा सांभाळत, मान खाली,
आणि त्यांच्या तळव्यात ठेवलं
एक अंडं. करड्या ठिपक्यांचं, लाळेनं ओलं,
अजून ऊन. न फुटलेलं.

चाळीस वर्षं लावे पाडलेला माणूस
हात पुढे धरून नुसता उभा.

मग घरटं शोधत फिरलो आम्ही,
गुडघ्यांवर, सूर्य डोक्यावर येईपर्यंत.
लिंबाजी म्हणाला, कुठंबी ठेवा आता, सायब,
घोरपड खाईल न्हाईतर मुंगूस. त्येबी उपाशीच हायेत.
जायफळला विचारलं. ती पाय चाटत बसली.

परतताना केकीशांनी ते बगलेत धरलं,
शर्टाच्या आत, वरून कोट, भर उन्हात.
"गचका नको देऊ रे."
मी मेकॅनिक, इंजिनाचा आवाज ऐकत चालवणारा,
त्या दिवशी फक्त खड्डे पाहिले.
मोरगाव. जेजुरी. दिवे घाट दुसऱ्या गिअरवर.
हडपसरला त्यांनी एकदा शर्टात डोकावलं
आणि काही बोलले नाहीत.
मागे, झोपेत, जायफळचा डावा पाय
उचललेलाच होता.