साडेतीन फूट भिंत

ये. चपला आतच काढ, बाहेर वॉचमन ओरडतो.
कळव्याहून दोन रिक्षा बदलून आलीस
नाव कसं कमवायचं ते विचारायला.
आधी पाणी पी.

ही बघ, ही ती भिंत.
साडेतीन फूट रुंद, पिस्ता रंगाची.
लोक मला हिच्यासमोरच ओळखतात.
डावीकडे गॅसचा सिलिंडर,
उजवीकडे कपड्यांचा स्टँड, त्यावर नवऱ्याचे बनियन.
कासारवडवलीत, बाराव्या मजल्यावर,
सव्वाआठला ऊन हिच्यावर येतं
आणि समोरचा नवा टॉवर नऊ-पाचला ते काढून घेतो.
तेवढ्यात काय ते हसायचं.

लिहून घेतेयस? घे.
रोज दिसायचं. अंगात ताप असला तरी.
एकच काहीतरी घट्ट धरायचं. मी पितळ धरलं.
जांभळी नाक्यावरून वजनावर आणलेले दोन तांबे,
एक समई, एक पोचे पडलेलं सतेलं.
लोक म्हणाले, केवढं जुनं घराणं असेल हिचं!
मी नाही म्हणाले नाही.
हे लिहू नकोस.

नाव माझं शैलजा. शैलजा विठोबा नाचणकर.
साबणाच्या कंपनीतला एक मुलगा म्हणाला,
मॅडम, हे डबीवर मावणार नाही.
म्हणून शैली.
हल्ली आईसुद्धा शेजारणीला सांगते, 'आमची शैली',
आणि मी क्षणभर बघत राहते,
ही कोण.

बाबा वागळे इस्टेटमध्ये होते.
एकोणतीस वर्षं सरबताच्या बाटल्यांना लेबलं लावली,
दुसऱ्याच्या नावाची.
नखांत वाळलेला गोंद घेऊन घरी यायचे,
रविवारी मी तो सुईने काढायची, पापुद्रे पापुद्रे.
म्हणायचे, लेबल वाकडं लागलं
की आतलं सरबतसुद्धा लोकांना आंबट लागतं.
झालं. एवढंच आहे सगळं.
माणशी हजार रुपये घेऊन मी हॉलमध्ये हेच सांगते,
फक्त त्यांचं नाव घेत नाही.

ते गेले तो मंगळवार.
सिव्हिलच्या पायऱ्यांवर मी फॉर्म भरत होते,
पर्समध्ये फोन थरथरत होता.
आदल्या रात्री लावून ठेवलेला व्हिडिओ
ठरल्या वेळी सुरू झाला होता:
लिंबाच्या सालीचे सात उपयोग.
पिस्ता भिंतीसमोर मी हसत होते.
साताऱ्याच्या कुणा बाईने लिहिलं होतं,
ताई, तुम्हाला बघितलं की दिवस बरा जातो.
जवाहरबागेत लाकडं रचत होते
तेव्हा मी तिला एक लाल बदाम पाठवला.
का, ते अजून सांगता येत नाही.
सवय म्हण.
नाहीतर त्या दिवशी दिवस बरा जाण्याबद्दल
तीच एकटी बोलली, म्हणून.

हेही लिहू नकोस.
किंवा लिही.

फी राहू दे.
तू रफू करतेस म्हणालीस ना, पैठण्यांना?
दाखव. कुठे होतं फाटलेलं?
इथे? की इथे?
नाही गं, सापडत नाही.
जे दिसूच नये म्हणून तू रात्र रात्र डोळे फोडतेस
ते लोकांना दाखवायचं कसं,
याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरंच नाही.
इतक्या जणी आल्या, असं कुणी विचारलंच नव्हतं.

उलटा कर बघू पदर.
हां.
इथे दिसतात टाके.

थांब, नऊ वाजत आले.
ऊन जायच्या आत ये इकडे,
भिंतीवर धर. नाही, सुलटा नको, असाच.
सिलिंडर येतोय कडेला. येऊ दे.
आणि नाव सांग,
पूर्ण, वडिलांचं, आडनाव, सगळं.
मावेल.