बाद ताव

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
माझं काम एकच : चूक शोधणं.
ताव समोर यायचा, ओल्या शाईचा वास घेऊन,
मी बघायचे
कुठे रेघ सरकलीय, कुठे निळा फिका पडलाय,
कुठे आकड्याचं पोट फुटलंय.
बोट टेकवायचं. ताव बाद.
वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता,
तो काही माझ्या हातचा नसायचा.

आता जेलरोडच्या या दोन खोल्यांत
तीनशे बारा पानं आहेत, आणि ती मीच लिहिलीत.
रोज सकाळी लाल पेन घेऊन बसते,
पायात मोजे, डोक्याला मफलर, डिसेंबर कडक आहे.
केसाएवढी रेघ न सोडणारे हे डोळे
इथे पानंच्या पानं सोडून देतात.
लाडाने.

‘हळूहळू’ हा शब्द चौसष्ट वेळा.
माझ्या कादंबरीत कुणीच काही पटकन करत नाही,
सराफ बाजारात पूर शिरतो तोही हळूहळू.
एकेक खोडत गेले
आणि पाणी एकदम उंबऱ्याशी आलं,
माझी मीच पाय वर घेऊन बसले.

वर्णनं काढणं जड गेलं.
गोदाघाटावरची संध्याकाळ, पावणेदोन पानं,
चार रात्री जागून लिहिलेली.
ताजनपुरे, वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर,
तिने समासात बारीक पेन्सिलीनं विचारलं :
‘दिवे छान. पण तुझी अनसूया कुठाय?’
दोन दिवस तिचा फोन घेतला नाही.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळ काढून टाकली,
एकच दिवा ठेवला,
अनसूयेच्या हातात, विझलेला.

मोठी चूकही तिनेच पकडली.
भिकाजी तांबट चौथ्या प्रकरणात वारतो
आणि अकराव्यात
मिसळीच्या दुकानात बसून पोऱ्यावर ओरडतो :
‘तर्री वाढतोयस का तीर्थ?’

सवयीनं बोट टेकवलं.
मग ओळ पुन्हा वाचली. पुन्हा एकदा.
तीनशे बारा पानांत इतकं जिवंत
दुसरं कुणी बोललंच नव्हतं.
आणि चौथ्यात तो मरतो कसा,
तर शोकसभेतल्या ठरावासारखा,
एकमताने.

मिसळ ठेवली. मरण खोडलं.

सोपं नव्हतं.
दहावा गेला, रामकुंडावरची ती थंड पहाट गेली,
कावळा शिवत नाही ती तीन पानं,
जी लिहिताना मी खरोखर रडले होते, ती गेली.
अनसूयेचं शहाणपणही गेलं,
ते सगळं नवरा गेल्यावर आलेलं.
आता तिला त्याच्याशी भांडावं लागणार होतं,
हंड्यावरच्या ठोक्यांच्या वर आवाज चढवून.
आणि काय भांडली बाई!
मला माहीत नव्हतं तिला एवढं बोलता येतं.
गॅसवर भात करपला,
मी आपली लिहितेय आणि हसतेय एकटीच.

बाद ताव प्रेसमध्ये कुणी फेकत नसे.
मोजायचे, वहीत चढवायचे, सही करायची,
बेहिशेबी एक सुटता कामा नये.
मीही काढलेली पानं मोजली : सत्तेचाळीस.
तारीख घातली, सही केली,
नाडीनं बांधून कपाटात ठेवली, साड्यांखाली.
फाडायचं पुढच्या आठवड्यात बघू.

रात्री भुसावळकडची गाडी शिट्टी देत गेली
तेवढ्यात फोन. ताजनपुरे.
‘संपली का गं एकदाची?’
‘कुठली,’ म्हटलं, ‘भिकाजी अजून जेवतोय.’
ती जरा थांबली.
‘मग दोन पाव सांग त्याला अजून.’