वजनाचा रकाना

दाजीपेठेत आमच्या गच्चीवरून
होटगी रोडची धावपट्टी दिसत नाही,
नुसतं तिकडचं आभाळ जरा मोकळं वाटतं.
मी तिकडे तोंड करून बसतो,
मांडीवर अम्माची जुनी विडीवही.
डाव्या पानांवर तिचे हजार, सातशे, छाट निघालेल्या चाळीस.
उजवी पानं कोरी होती. ती माझी.

तिथं मी विमानं लिहितो.
बिदरकडची शिकाऊ तीन, एकामागं एक तिरकी,
आवाज पोचेतो ती तुळजापूरच्या डोंगरापार.
चार पंख्यांचं करडं, पोट सुटलेलं, पुण्याच्या दिशेनं.
कधी नुसती रेघ.

नायनाला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं यंत्रमागावर,
चादरीवर मोर उमटत गेले
आणि कानातून एकेक माणूस उठून गेला.
तरी विमान आधी त्यालाच कळतं.
पत्र्याच्या टाकीला तळवा लावून बसतो,
म्हणतो, आलं.
मी मान वर करतो. काही नसतं.
मग असतं.

सीनेला पाणी चढलं त्या रात्री लाईट गेली,
सकाळी पेठेत एक माग चालत नव्हता.
एवढी शांतता आम्हाला सोसत नाही,
अम्मा उगाच भांडी हलवत होती.
पहिलं हेलिकॉप्टर इतकं खालून गेलं
की दोरीवरच्या सुताच्या लड्या बोळात पडल्या.
दारात पाय सोडून बसलेला माणूस दिसला, त्याचा बूटसुद्धा.
मी लिहिलं: ६.५२. हिरवट. मोहोळकडं.
खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटलं.
इतक्या जवळून कधी मिळालं नव्हतं.

तेव्हा अम्मा म्हणाली,
गवसान्याचं घर नदीच्या कुठल्या अंगाला?

दत्तू गवसाने. नायनाच्या शेजारचे दोन माग त्याचे.
फोन बंद.

७.३८ परत.
नायनाचा तळवा टाकीवर. बराच वेळ.
मग म्हणाला, बरुवुंदि.
जड आहे.
जाताना थरथर बारीक होती,
आता भरल्या बीमावर माग चालावा तशी.
मी बोटांनी विचारलं, किती माणसं?
तो म्हणाला, मागाला कुठं कळतं
चादर कुणाच्या अंगावर जाणार.

मी उभी रेघ मारली, वर लिहिलं: वजन.
८.०५ रिकामं. ८.५० जड.
९.१० रिकामं. १०.०२ जड.
यात लेकरं आहेत, अम्मा म्हणाली,
कशावरून ते सांगितलं नाही.
तंबाखूचं सूप मांडीवर तसंच,
एक विडी वळलेली नव्हती.

चौथं जाऊन फार वेळ झाला.
आलं तेव्हा नायनानं दोन्ही तळवे लावले, मग गाल.
आम्ही वर बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडं.
टाकीतल्या पाण्यावर वलयं उठली, मिटली.
तो काही बोलला नाही.
टोपी सारखी केली नि जिना उतरला.

त्या ओळीत वेळ आहे, १२.४४.
पुढं काही नाही.

तिसऱ्या दिवशी दत्तूचा फोन लागला.
दोर आला हुता खाली, म्हणाला,
शेवटच्या खेपंला. पर आबा दोराला भ्यालं.
किती सांगितलं. मग मीबी ऱ्हायलो त्यांच्याजवळ,
जावा म्हणलं त्यास्नी फुडं.
रात्री होडी आली.
माग सुरू झालं का रं तिकडं?

मी हे नायनाला ओठांनी, बोटांनी सांगितलं.
आबा कसा दाखवावा कळेना, मग वाकून चाललो.
हलकं होतं ते, नायना म्हणाला,
मला वाटलं,
आणि वाक्य तिथंच टाकून
तो टाकीचं झाकण बसवायला लागला.
झाकण वाकडं आहे, एका बाजूनं उचलतंच.

तेवढ्यात बिदरची तीन गेली, खूप उंच.
टाकीला पत्ता नाही.
मी घड्याळ बघायचं विसरलो.