नव्याण्णव नंबरची गल्ली

सावद्याच्या केळी-गोदामात दोन स्विच.
एक पॅकिंगच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, धुळीनं पिंगट.
दुसरा रस्त्यापलीकडे ऑफिसात, एसीत.
मधे डांबराखालून गेलेली एक फायबर.
रोज रात्री दोन दहाला
चार नंबरची खोली सात मिनिटं मुकी होते.
तापमान येत नाही. मग येतं, जसं काही झालंच नाही.

मालक म्हणाले, बघ जरा.
भुसावळहून आलो. मे महिना,
रात्री अकरालाही भिंत हाताला चटका देत होती,
आणि पिकवणीच्या खोलीत सोळा अंश.

शेडमध्ये बसूनच ऐकता आलं असतं.
पण माझी बॅटरी अर्धा तास टिकत नाही,
तिथं प्लग एकच, आणि त्यावर सुपडू तडवींचा पंखा.
म्हणून दुरून ऐकायचं ठरवलं.

आधी दोन्ही स्विचांवर एक रिकामी गल्ली आखली,
नंबर नव्याण्णव.
या गल्लीत कोणी राहायचं नाही,
तिनं कोणाचा चेहरा लक्षात ठेवायचा नाही,
फक्त वाहून न्यायचं.
मग शेडच्या सातव्या पोर्टाला सांगितलं:
तुझ्यातून जे जाईल, येईल,
त्याची एक नक्कल या गल्लीत सोड.
मूळ आपल्या वाटेनं जाईल, त्याला कळायचंही नाही.
इकडे ऑफिसातल्या चोविसाव्याला म्हटलं,
नव्याण्णवमधून येईल ते
माझ्या लॅपटॉपवर ओत.

एकदा चुकलो. फायबरवर गल्ली उघडायची राहिली.
वीस मिनिटं कोऱ्या पडद्यासमोर,
बाहेरून कडी घातलेल्या रिकाम्या खोलीला
कान लावून बसल्यासारखा.

चोविसाव्या पोर्टाचा एक नियम असतो.
वाचला होता पूर्वी, समजला त्या रात्री:
ऐकणाऱ्यानं बोलायचं नाही.
बोललास तरी शब्द तिथंच गळून पडतील.

दोन दहा.
धावत्या ओळी थांबल्या. मग एकच ओळ:
चार-नऊ कोण आहे? चार-चौदाला सांगा.
एका सेकंदानं पुन्हा:
चार-नऊ कोण आहे? चार-चौदाला सांगा.
सात मिनिटं. चारशे वीस वेळा.
आकडा पाहून हसू आलं, मग नाही आलं.

चार-नऊ म्हणजे फिरके अण्णांचा कॉम्प्युटर.
अण्णा रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला,
कॉम्प्युटर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात,
बरोबर दोन मोडके वजनकाटे.
खोलीच्या कंट्रोलरला कोणी कळवलं नाही.
तो रोज दिवसाचा हिशेब घेऊन
त्या दारात उभा राहतो.

उत्तर मला माहीत होतं. देता येत नव्हतं.

दुसऱ्या रात्री रस्ता ओलांडला,
शेडमध्ये जाऊन पंख्याची पिन काढली.
"काय करी राह्यला भो, मरतो ना मी उकाड्यानं!"
दहा मिनिटं, म्हटलं सुपडूभाऊंना,
आणि लॅपटॉपला चार-नऊ हा पत्ता देऊन बसलो.

दोन दहा. कोण आहे?
मी आहे.
आणि त्यानं सहा महिन्यांचं ओझं एकदम खाली ठेवलं:
सोळा, सोळा दशांश दोन, सोळा, सोळा,
फेब्रुवारीतल्या एका रात्री तेवीस.

ती रात्र सगळ्यांना पाठ होती.
अकरा टन केळी एका दमात पिवळी,
दार उघडं टाकून झोपला म्हणून
सुपडूभाऊंचे नऊ दिवसांचे पैसे कापलेले.
ऑफिसात नुसतं तापमान दिसायचं,
दाराचं हा एकटाच लिहून ठेवायचा.
तेवीसच्या शेजारी होतं:
दार बंद. कॉम्प्रेसर बंद. एक छत्तीस ते चार पाच.

कागद छापून आणला. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला,
दोनदा. घडी करून तंबाखूच्या पिशवीत ठेवला.
"आता दाखू कोनाले?"
आणि पंख्याची पिन स्वतःच लावली.

बिलात लिहिलं: जुना पत्ता काढला,
दोन रात्री, एक पॅचकेबल.
त्या कागदाची दुसरी प्रत बिलाला टाचली.
नव्याण्णव नंबरची गल्ली पुसायची राहिली,
अजून तशीच आहे, रिकामी.
बिलाचे पैसे आले.
टाचलेल्या कागदाचं काही कळलं नाही.