पानाखालचा केस

डर्बनला पहिल्या वर्षी
कुणी हातात मणका दिला नाही.
दिली एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी.
म्हणाले, स्वतःचा एक केस उपट,
पानाखाली ठेव, डोळे मीट,
बोटांनी शोध.

एका पानाखाली सापडला.
मग दोन, मग पाच.
नायडू, नायकर, पिल्ले, पिल्ले...
शेकडो घरांच्या नंबरांवरून
माझी बोटं फिरायची
तांदळातला खडा शोधत असल्यासारखी.
खिडकीबाहेर आमचाच समुद्र,
फक्त सूर्य उलट्या बाजूनं.

बाविसाव्या पानावर मी ठासून सांगितलं,
इथून असा, तिरका, दाराकडून खिडकीकडे.
थांडेका खाटेवरून घसरेपर्यंत हसली.
केस तिच्या चिमटीत होता.
पानाखाली काहीच नव्हतं.

हे मी कुठल्या पेपरात लिहिलं नाही.
पाटीवरही नाही.
पाटीवर नाव, डिग्री, वेळ,
कुडचडे, बेकरीच्या बाजूचा जिना, पहिला मजला.
सकाळी वर पावाचा वास आधी येतो,
मग पेशंट.

पुरसो नाईक येतो दर मंगळवारी.
एकोणीस वर्षं खनिजाचा ट्रक.
रिवण ते सावर्डे रस्ता त्याला पाठ,
आणि पाठीला रस्ता.
खाण बंद पडली, ट्रक विकला,
गचका अजून उतरलेला नाही.
पालथा पडून विचारतो,
"आज वाजतलें मगो, बाय?"

मी सांगते, तो आवाज हाडाचा नाही,
सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, तेवढंच.
वाजलं म्हणजे बसलं असं नाही,
नाही वाजलं म्हणजे फुकट गेलं असंही नाही.
तो उशीत तोंड खुपसून म्हणतो,
"आवाजाबगर सोड्याची गोटी सुटता?"
आणि वाजलं की
पैसे देताना सुटे मागत नाही.

कायतान आला तो शनिवार होता.
माडावर चढणारी माणसं
जिना चढताना कठड्याला हात लावत नाहीत.
यानं लावला.
उजवा पाय फरशीवर फटफट पडत होता,
चप्पल खालच्या पायरीवर राहिली
ते त्याला कळलंही नव्हतं.
मी विचारलं ते त्यानं बायकोकडे बघून सांगितलं,
मांड्यांच्या मध्ये बधिर,
लघवी कधी होते समजत नाही.

माझे हात टेबलावर होते, तेल नव्हे, नुसते कोरडे.
मी ते मागे घेतले.
चिठ्ठी लिहिली, गोमेकॉ, बांबोळी, आत्ताच्या आत्ता.
खालच्या बेकरीवाल्याची व्हॅन मागितली.
कायतान म्हणाला, "मात्शें दामून तरी पळय."
त्याची बायको जिन्यावरून ओरडत गेली,
दोन बस बदलून आलो,
आणि हिनं हात नाही लावला.

पुढे करायला सहा महिन्यांत शिकलो होतो आम्ही.
मागे घ्यायला किती लागले
ते आठवत नाही. परीक्षेत
त्याला चार मार्क होते.

कायतानची खबर नाही.
व्हॅनमध्ये पाव सांडले होते, त्याचे पैसे मी दिले.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
फ्लाविया पावतीपुस्तक पुढे सरकवते.
हा आमचा खेळ, ती कधी केस ठेवते, कधी नाही.
मी डोळे मिटते.
झुआरीच्या पुलावरून मालगाडी जाते,
टेबल थरथरतं, मी थांबते,
गाडी जाऊ देते.
पुन्हा बोट ठेवते.

नाही, म्हणते मी.
आसा, म्हणते फ्लाविया.

मग दोघी मिळून पानं उलटतो.
सातव्या पावतीवर,
पुरसोच्या मागच्या बाकीशेजारी,
आखूड, कुरळा,
तिचाच.