भरल्यावर, का रिकामी

विट्याच्या बायपासला, वजनकाट्याच्या पलीकडं
शिकलगारांचं कमानीचं दुकान.
पाटी गंजलेली. खाली पाटे रचलेले,
तेल पिऊन काळे,
धाकट्यानं थोरल्याच्या पाठीवर बसावं तसे.

गाडी मी येरळेच्या एका वाळूवाल्याकडनं घेतली.
त्यानं मागं दोन पाटे जादा घातलेले.
पुढं वाळू बंद झाली, पाटे राहिले.
आता मी अंडी वाहते.
चारशे ट्रे, पहाटे चारला,
तासगाववरनं सांगलीपर्यंत.

रिकामी उभी असली की मागनं वर, नाक मातीत.
माझा भाचा विश्वतेज म्हणतो,
आत्या, शेळी पाणी पितेय.
त्यानं मोबाइलवर एक दाखवली,
छाती काढून उभी,
जन्मात काही न वाहिलेली.
पुढच्या स्प्रिंगखाली दोन चकत्या टाकू म्हणाला,
एका दुपारचं काम.

मुबारकभाई पोत्यावर पडून गाडीखाली सरकले.
बॅटरीचा उजेड पाट्यापाट्यावर थांबत गेला.
आतनंच बोलले :
"चकत्या टाकीन की. रुबाब येईल.
पण टायर एका बाजूनं झिजंल
आणि प्रत्येक गचका तुझ्या मनगटात येईल.
मागं हवेच्या पिशव्या बसवू म्हणशील, तर बसवू,
पंक्चर व्हायला आणखी दोन जागा.
पाटे काढू म्हणशील, तर काढू.
मग एखाद्या दिवशी लोभानं सहाशे ट्रे भरशील
आणि हेडलाइट झाडावरचं घुबड शोधत जाईल."

बाहेर आले. टेप मागितला.
चाकाच्या मध्यापासनं मडगार्डपर्यंत
पुढं अठरा, मागं बावीस.
आकडे खडूनं दारावरच लिहिले
आणि चहात साखर किती विचारावं तसं विचारलं,
"लेवल कधी पायजे? भरल्यावर, का रिकामी?"

मला वाटायचं, लेवल म्हणजे लेवल.
गवंड्याच्या नळीतलं पाणी,
दोन्ही टोकांना एकाच रेघेवर येऊन थांबणारं.
कधी, हा प्रश्नच मला माहीत नव्हता.

हिशेब केला. दिवसाचे सहा तास ती भरलेली,
अठरा तास रिकामी.
रिकाम्याचं पारडं जड.
शिवाय रिकामी असताना तिला सगळे बघतात,
चहाच्या गाड्यावरचे, गल्लीतले, विश्वतेजचे मित्र.
भरलेली असते तेव्हा अंधार असतो.
तेव्हा बघणारी मी एकटी,
तीही समोरचा रस्ता बघत असते.

"उद्या भरून आणते," म्हटलं.

साडेचारला मुबारकभाई बनियनवर बाहेर आले.
पुन्हा टेप, पुन्हा खडू.
चारशे ट्रे पाठीवर घेऊनसुद्धा मागचं टोक
दोन बोटं उंचच.
वाळूची सवय गेली नव्हती तिची.

दुपारी सांगितलं, एक पाटा काढा.
एक राहू दे.
मार्गशीर्ष संपला की सहाशे भरणारच आहे मी,
खोटं कशाला बोलू.
चकत्या नकोत.
विश्वतेज नटबोल्टांच्या डब्यात काहीतरी शोधत बसला,
काहीच हरवलेलं नसताना.

यू-बोल्ट सुटेना.
डिझेल, शिव्या, घण,
पुन्हा डिझेल.
पाटा निघाला तेव्हा दोन पात्यांमधनं
चमचाभर वाळू गळली. येरळेची.
कुणी काही बोललं नाही.
मुबारकभाईंनी ती पायानं सारली.

सांगलीत व्यापाऱ्यानं फुटकी मोजली.
अकरा.
आदल्या दिवशी चौतीस होती.
येताना गाडी जराशी वाकलेलीच होती पुढं.
विश्वतेज म्हणाला, शेळीच आहे अजून.
म्हटलं, असू दे.

काढलेला पाटा मी मागून आणला,
शेडच्या दाराशी टाकला.
जमिनीवर तो नीट बसत नाही, डुलतो.
भार पडला की सरळ होतो म्हणे.
काल एक कोंबडी चढून
बराच वेळ उभी होती त्याच्यावर.
नाही झाला.